परदेशी सहलीची आखणी: गे प्रवाशांसाठी, पायरीपायरीने

‘अमुक देश गे माणसांसाठी सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही असं उत्तर क्वचितच मिळतं. ज्या देशात बीचवरच्या हॉटेलात तुमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, त्याच देशाच्या विमानतळावर बॅगेतल्या गोळ्यांवरून किंवा फोनमधल्या फोटोंवरून चौकशी सुरू होऊ शकते. घोळ होतो तो ठरावीक चार जागी: इमिग्रेशनचा काउंटर, हॉटेलचं रिसेप्शन, हातातला फोन आणि हॉस्पिटल. आखणी करताना देशाच्या नावापेक्षा या चार जागा डोळ्यांसमोर ठेवा.

पुढचं बरंचसं गे पुरुषांना धरून लिहिलं आहे. लेस्बियन आणि ट्रान्स प्रवाशांना जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

१. कायदा वाचा, आणि तो कधी बदलला तेही पाहा

साठहून अधिक देशांत प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत. यादीसाठी ‘इल्गा वर्ल्ड’चा डेटाबेस आणि ‘इक्वलडेक्स’ ही दोन संकेतस्थळं पाहा. मग कॅनडा आणि ब्रिटन या सरकारांच्या प्रवाससूचना उघडा. त्यांत देशागणिक समलिंगी प्रवाशांसाठी माहिती असते. तुमचा पासपोर्ट कुठलाही असो, ती वाचायला कुणाची आडकाठी नाही.

मजकुराची तारीख मात्र आधी बघा. सिंगापूरने पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७-अ २०२३च्या सुरुवातीला कायद्याच्या पुस्तकातून काढलं. मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३च्या ऑक्टोबरमध्ये तिथली अशीच बंदी रद्द ठरवली. उलट दिशेनेही गाडी जाते: त्रिनिदाद आणि टोबॅगोत २०१८ साली न्यायालयाने रद्द केलेली बंदी अपील न्यायालयाने मार्च २०२५मध्ये परत आणली. इराकने एप्रिल २०२४मध्ये १० ते १५ वर्षांच्या तुरुंगवासाचा नवा कायदा केला. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीची ‘टॉप टेन गे डेस्टिनेशन्स’ छाप यादी फोटो बघण्यापुरतीच ठेवा.

रंगीत नकाशे तीन ठिकाणी फसवतात.

पहिलं, कलमच नाही पण अटक होते. इजिप्तच्या कायद्यात ‘समलिंगी’ हा शब्द नाही. तिथे १९६१च्या ‘अनैतिक वर्तन’विरोधी कायद्याखाली पकडतात, आणि त्यासाठी पोलीस डेटिंग अॅपवर खोटी प्रोफाइल उघडतात. रशियात संबंध गुन्हा नाहीत, पण नोव्हेंबर २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली, आणि इंद्रधनुषी चिन्ह दाखवल्याबद्दलही कारवाई झाली आहे.

दुसरं, एकाच देशात दोन कायदे असतात. इंडोनेशियात बाली वेगळं आणि आचे प्रांत वेगळा. आचेत शरियतनुसार जाहीर फटके मारतात. मलेशियात ब्रिटिशांनी ठेवून दिलेलं कलम ३७७ आहेच, वर राज्यांचे धार्मिक कायदेही आहेत.

तिसरं, पर्यटकांचं बेट आणि गावाचं बेट. मालदीवच्या रिसॉर्टमध्ये जोडप्याला कुणी विचारत नाही, म्हणून कायदा सौम्य आहे असं नाही. तिथे शिक्षा तुरुंगवासाची आहे, आणि स्थानिक वस्तीच्या बेटावरचं स्वस्त गेस्टहाउस घेतलंत की रिसॉर्टचं कवच संपतं.

जुन्या वसाहती कायद्यांत बऱ्याचदा फक्त पुरुषांचा उल्लेख असतो. लेस्बियन जोडप्यांनी त्यावर विसंबू नये. अश्लीलता किंवा सार्वजनिक शिस्तीची कलमं सगळ्यांना लागतात.

२. वाटेतले थांबेही प्रवासातच धरा

तिकीट स्वस्त म्हणून दुबई, अबू धाबी किंवा दोहामार्गे जाणारे खूप असतात, आणि बहुतेकांचा प्रवास विनाअडचण होतो. पण तिथे विमान बदलणाऱ्यालाही स्थानिक कायदा लागू असतो. पुढचं विमान चुकलं, की इमिग्रेशन ओलांडून शहरातल्या हॉटेलात जावं लागतं आणि सामान पुन्हा तपासलं जातं. म्हणून:

- संपूर्ण प्रवास एकाच बुकिंगमध्ये घ्या, म्हणजे चेक-इन केलेली बॅग थेट शेवटच्या शहरात निघते.
- दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवा, पण रात्रभराचा थांबा टाळा.
- पॉपर्स (हुंगायचं उत्तेजक द्रव्य) आणि सीबीडी तेल (गांजाच्या झाडापासून काढलेलं) बॅगेत नकोतच. सीबीडी अनेक देशांत सर्रास विकलं जातं, पण अमिरातींमध्ये तो अमली पदार्थाचा गुन्हा आहे. पॉपर्सवर जपानमध्येही बंदी आहे.

क्रूझ घेणाऱ्यांनी जहाजाचं नाव बघण्याआधी बंदरांची यादी बघावी. जहाज गे प्रवाशांसाठी खास काढलेलं असलं तरी धक्क्याला लागल्यावर बंदराचा कायदा चालतो. २०१२ साली अशाच एका सहलीतल्या दोघांना डॉमिनिकात अटक झाली होती. डॉमिनिकाने ती बंदी २०२४मध्ये उठवली. कॅरिबियनमधल्या जमैकात ती अजून आहे.

३. केव्हा आणि कुठल्या मोहल्ल्यात

प्राइडसाठी, म्हणजे एलजीबीटी समुदायाच्या वार्षिक मिरवणुकीसाठी, जायचं तर तारखा आधी पक्क्या करा. सिडनीचा मार्दी ग्रा फेब्रुवारी-मार्चमध्ये, अॅमस्टरडॅमची कालव्यातली मिरवणूक ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, तैपेईची प्राइड ऑक्टोबरच्या अखेरच्या शनिवारी. या आठवड्यांत खोल्यांचे दर चढतात आणि किमान तीन-चार रात्रींची अट घालतात. सहा महिने आधी, रद्द करता येणारं बुकिंग घ्या. गर्दी नको असेल तर प्राइडचा आठवडा सोडून जाणं शहाणपणाचं. शहर तेच आणि खर्च कमी.

हॉटेल गे वस्तीच्या चालत्या अंतरावर घेतलंत तर रात्री उशिरा टॅक्सीची चिंता राहत नाही: माद्रिदमध्ये चुएका, पॅरिसमध्ये मारे, बर्लिनमध्ये श्योनेबर्ग, बँकॉकमध्ये सिलोम. टोकियोच्या शिंजुकू नि-चोमेत बार अगदी छोटे, काही तर सात-आठ खुर्च्यांचे असतात. बसण्याचा वेगळा आकार लावतात आणि काही ठिकाणी फक्त ओळखीचे गिऱ्हाईक घेतात. दारावरून परत पाठवलं तर तो अपमान समजू नका, पुढचं दार ठोठवा.

इस्तंबूलच्या प्राइडवर २०१५पासून बंदी आहे आणि दरवर्षी धरपकड होते. हंगेरीने मार्च २०२५मध्ये प्राइडबंदीचा कायदा केला. त्यात चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांची तरतूद आहे. बुडापेस्टमध्ये त्या जूनमध्ये मोर्चा तरीही प्रचंड निघाला. अशा बंदीत तिथल्या नागरिकाला दंड होऊ शकतो; परदेशी माणसाच्या बाबतीत प्रश्न व्हिशाचाही असतो.

४. व्हिसा आणि कागद

अर्जात खोटं लिहू नका, हा नियम साधा आणि कडक आहे. खोटं सापडलं तर नकाराची नोंद वर्षानुवर्षं मागे लागते. पण विचारलं नसेल ते सांगण्याचीही गरज नाही. ‘प्रवासाचं कारण’ या रकान्यात ‘पर्यटन’ एवढं पुरे. दोघंही स्वतंत्र अर्ज करत असाल तर सोबत्याचं नाव ‘सहप्रवासी’ म्हणून द्यावं.

वैवाहिक स्थितीच्या रकान्यात लोक अडतात. शेंगेन व्हिशाच्या (बहुतेक युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा) अर्जात ‘विवाहित’बरोबर ‘नोंदणीकृत भागीदारी’ असाही पर्याय आहे. तुमच्याकडे जे प्रमाणपत्र असेल तेच निवडा. युरोपीय संघाच्या नागरिकाशी लग्न झालं असेल आणि तुम्ही दोघं त्याच्या मायदेशाव्यतिरिक्त दुसऱ्या सदस्य देशात जात असाल, तर कुटुंबीय म्हणून व्हिसा विनाशुल्क मिळतो. २०१८च्या कोमान खटल्यात युरोपीय न्यायालयाने ‘जोडीदार’ या शब्दात समलिंगी जोडीदारही येतो असं सांगितलं. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत नसलं तर निकालाची प्रत पुढे करा, वाद घालू नका.

ज्या देशात समलिंगी संबंध गुन्हा आहेत, तिथे लग्नाचं प्रमाणपत्र सोबत नेऊच नका. फोनमध्येही नको, परत येईपर्यंत ते घरच्या विश्वासू माणसाकडे राहू द्या.

ट्रान्स प्रवाशांसाठी: तिकिटावरचं नाव आणि लिंग पासपोर्टशी अक्षरशः जुळायला हवं, मग रोजच्या व्यवहारात तुम्ही कुठलंही नाव वापरत असा. पासपोर्टवर लिंगाच्या रकान्यात ‘एक्स’ असेल तर विमान कंपनीच्या बुकिंग यंत्रणेत तो पर्याय आहे का ते आधी तपासा. नसेल तर फोन करून नोंद करून घ्या आणि ती लेखी मागा. मार्च २०२५मध्ये जर्मनी, डेन्मार्क आणि फिनलंड यांनी अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या ट्रान्स नागरिकांसाठी सूचना बदलल्या, कारण तिथे व्हिसाच्या अर्जात जन्माच्या वेळचं लिंग मागितलं जाऊ लागलं.

सोबत ठेवायचे कागद:

- परतीच्या तारखेनंतर सहा महिने वैध असलेला पासपोर्ट, दोन-तीन कोरी पानं शिल्लक
- व्हिसा, परतीचं तिकीट, दोघांचीही नावं असलेलं हॉटेलचं पत्र
- विम्याची पॉलिसी आणि चोवीस तास चालू असणारा नंबर, कागदावर छापलेला
- डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांच्या जेनेरिक नावांसह
- वैद्यकीय निर्णयांचं मुखत्यारपत्र (पायरी ६)
- मूल बरोबर असेल तर जन्मदाखला, दत्तक किंवा पालकत्वाचा आदेश, आणि एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र. दोघंही बाबा किंवा दोघीही आई असल्या की सीमेवर हा कागद हमखास मागतात.

५. खोली बुक करताना

ठरलेला प्रसंग असा: दोन पुरुषांच्या नावाने एक डबल बेड बुक केलेला असतो, आणि रिसेप्शनवर पोहोचल्यावर ‘चूक झाली दिसते’ म्हणून दोन वेगळे पलंग दिले जातात. कधी तो भाबडा मदतीचा हात असतो, कधी नकार. दोन्ही टाळायचं तर बुकिंग झाल्याबरोबर हॉटेलला छोटा ई-मेल टाका: ‘आम्ही दोघं पुरुष आहोत, एक किंग साइझ बेड बुक केला आहे, तसाच मिळेल याची खात्री करावी.’ नात्याबद्दल अवाक्षर नको. उत्तर थंड आलं किंवा आलंच नाही, तर फुकट रद्द करण्याची मुदत संपायच्या आत दुसरं हॉटेल बघा.

कायदा कडक असलेल्या देशात हा ई-मेलही पाठवू नका. तिथे दोन पलंगांची खोली घ्यायची आणि विषय संपवायचा. मोठ्या आंतरराष्ट्रीय साखळीतली हॉटेलं तिथे बरी, कारण त्यांना परदेशी पाहुण्यांची सवय असते आणि बहुतेकदा कुणी काही विचारत नाही. पण खोली साफ करायला रोज कुणीतरी येतंच. कंडोम, लुब्रिकंट, इंद्रधनुषी पट्टा टेबलावर सोडू नका, कुलपाच्या बॅगेत ठेवा.

‘गे फ्रेंडली’ ही पाटी बऱ्याच संकेतस्थळांवर मालक स्वतःच लावतो. तिच्यापेक्षा गेल्या वर्षभरातली परीक्षणं वाचा आणि त्यांत जोडप्यांनी काय लिहिलंय ते शोधा. ‘मिस्टर बी अँड बी’ हे गे प्रवाशांसाठीचं संकेतस्थळ घरगुती खोल्यांसाठी उपयोगी आहे. टूर कंपनी हवी असेल तर आयजीएलटीए या एलजीबीटी पर्यटनासाठी १९८३पासून चालणाऱ्या संघटनेच्या सदस्ययादीतून निवडा. घरगुती खोली घेताना यजमान त्याच घरात राहतो का, ते आधी विचारा. मत वेगळं असलेल्या यजमानाच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी चहा प्यायचा म्हणजे सुट्टीचा विचका.

६. विमा आणि हॉस्पिटल

पॉलिसीतल्या दोन जागा शोधून वाचा. ‘जोडीदार’ या शब्दाची व्याख्या ही पहिली: फक्त कायदेशीर पती-पत्नी असं असेल तर एकत्र पॉलिसीत दुसऱ्याचा दावा अडकतो. दोन स्वतंत्र पॉलिसी घेणं हा साधा उपाय, आणि खर्चात फारसा फरक पडत नाही. दुसरी जागा म्हणजे अपवादांची यादी. ‘स्थानिक कायद्याविरुद्ध केलेल्या कृतीमुळे झालेलं नुकसान’ बहुतेक पॉलिसी वगळतात. म्हणजे जिथे संबंधच गुन्हा, तिथे अटकेनंतरचा वकील किंवा चुकलेलं विमान यांचे पैसे मिळतील असं धरून चालू नका. शेंगेन व्हिशासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कवच लागतं. प्रत्यक्षात याहून जास्त घ्यावं.

हॉस्पिटलचा प्रश्न वेगळाच. तुमचं लग्न न मानणाऱ्या देशात बेशुद्ध माणसाच्या जोडीदाराला डॉक्टर ‘मित्र’ समजतात: आत सोडत नाहीत, काही सांगत नाहीत आणि सही आई-वडिलांची मागतात. म्हणून दोघांनी एकमेकांच्या नावे वैद्यकीय निर्णयांचं मुखत्यारपत्र करून घ्या. त्यात ‘माझी वैद्यकीय माहिती या व्यक्तीला द्यावी आणि तिला भेटू द्यावं’ हे वाक्य स्पष्ट असू द्या. नोटरीनंतर अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र) करून घ्या. जिथे जाताय तो देश १९६१च्या हेग करारात नसेल तर त्याच्या दूतावासाकडून साक्षांकन लागतं. परदेशी हॉस्पिटलवर हा कागद बंधनकारक असेलच असं नाही, तरी रात्री दोन वाजता नर्सपुढे ठेवायला काहीतरी असतं. आणि घरच्यांपैकी ज्याला तुमचं नातं माहीत आहे अशा एकाचा नंबर दोघांच्याही पाकिटात लिहून ठेवा.

७. औषधं आणि लसी

निघण्याच्या सहा आठवडे आधी डॉक्टरांकडे जा. हिपॅटायटिस ए, हिपॅटायटिस बी आणि एमपॉक्स यांच्या लसींबद्दल विचारा. एमपॉक्सचे दोन डोस २८ दिवसांच्या अंतराने घेतात, म्हणून आदल्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही.

प्रेपच्या (एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या) गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह ठेवा. आठवडाभर पुरतील इतक्या जास्तीच्या सोबत न्या. वेळक्षेत्र बदललं तर रोजची गोळी काही तास पुढेमागे झाल्याने बिघडत नाही. पुरुषांसाठी गरजेपुरता प्रेप घ्यायचा असेल तर रीत अशी: संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, पहिल्या मात्रेनंतर २४ तासांनी एक, आणखी २४ तासांनी एक. हिपॅटायटिस बी असलेल्यांनी ही रीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

संरक्षण नसताना संबंध झाला तर पेप (एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी नंतर घ्यायचा औषधोपचार) ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, जितका लवकर तितका बरा, आणि तो २८ दिवस चालतो. अवघड देशात जाणार असाल तर सुरुवातीच्या काही दिवसांची पेपची औषधं सोबत देता येतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. तिथल्या सरकारी हॉस्पिटलात कारण सांगत बसणं धोक्याचं ठरू शकतं.

एचआयव्ही असलेल्यांवरची प्रवेशबंदी बऱ्याच देशांनी उठवली आहे (अमेरिकेने २०१०मध्ये, सिंगापूरने अल्प मुक्कामासाठी २०१५मध्ये). जिथे ती उरली आहे तिथे ती बहुतांशी नोकरी-निवासाच्या व्हिशाला लागते, छोट्या सहलीला कमी. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांनी जास्त जपावं: अनेक देशांत ते नियंत्रित औषध आहे, तेव्हा डॉक्टरांचं पत्र आणि सुयांचा उल्लेख असलेली चिठ्ठी लागतेच.

८. फोन

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात.

निघण्यापूर्वी फोनचा बॅकअप घेऊन गॅलरी रिकामी करा. ‘हिडन’ फोल्डर पुरेसा नाही. फोन उघडून हातात दिला की तोही उघडता येतो. जुन्या चॅट, ई-मेलमधली बुकिंगं, इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट आणि मॅप्समधला प्रवासाचा इतिहास यांवर नजर टाका. चेहऱ्याने उघडणारं लॉक बंद करून सहा आकडी पिन ठेवा.

अॅपबद्दल: ग्राइंडर हे गे पुरुषांचं डेटिंग अॅप तुर्कीत २०१३पासून न्यायालयाच्या आदेशाने बंद आहे. व्हीपीएन लावून उघडतो म्हणाल, तर अमिरातींमध्ये गुन्ह्यासाठी व्हीपीएन वापरणं हाच वेगळा गुन्हा. अंतर दाखवण्याची सोय बंद करा; तीन ठिकाणांहून अंतर मोजलं की माणूस नेमका कुठे आहे ते काढता येतं. टिंडरने २०१९पासून अशा देशांत प्रोफाइल आपोआप लपवण्याची सोय दिली आहे. कायदा कडक असेल तिथे अॅप काढून टाकणंच बरं. एका आठवड्याच्या करमणुकीसाठी एवढा धोका घ्यायला नको.

जिथे अॅप वापरणार असाल तिथे:

- भेटण्याआधी छोटा व्हिडिओ कॉल करा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.
- चेहरा आणि नग्न अंग एकाच फोटोत पाठवू नका. पैसे उकळणाऱ्यांना तेवढंच हवं असतं.
- पहिली भेट कॅफेत घ्या, त्याच्या खोलीवर किंवा तुमच्या खोलीवर नको. हॉटेलचं नावही तोवर सांगू नका.
- भेटीचा पत्ता आणि ‘अमुक वाजेपर्यंत मेसेज नाही आला तर फोन कर’ हे एका मित्राला कळवा.
- ब्लॅकमेल सुरू झालं तर एक रुपयाही देऊ नका; पहिल्या हप्त्यानंतर मागणी वाढते. स्क्रीनशॉट घ्या, ब्लॉक करा, आणि कायदा कडक असेल तर पोलिसांऐवजी आधी दूतावासाला फोन करा.

स्थानिक मित्रांसोबतचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका, आणि ठिकाण टॅग करू नका. तुम्ही विमानात बसून निघून जाता. चौकशी त्यांची होते.

९. पोलिसांनी थांबवलं तर

१९६३च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६प्रमाणे अटक झालेल्या परदेशी नागरिकाला आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते. ‘माझ्या वकिलातीला कळवा’ हे वाक्य तिथल्या भाषेत लिहून पाकिटात ठेवा, दूतावासाचा रात्रीचा नंबर त्याखाली. समजत नसलेल्या भाषेतल्या कागदावर सही करू नका, दुभाषा मागा. काही देशांत ‘पुरावा’ म्हणून गुदद्वाराची तपासणी करतात. तिला वैद्यकीय आधार नाही, म्हणून संमती नाही असं स्पष्ट सांगा आणि नकाराची नोंद करायला लावा.

वकिलात तुम्हाला सोडवून आणू शकत नाही. ती वकिलांची यादी देते, घरी कळवते आणि कोठडीत भेटायला येते. घरी काय कळवायचं हे तुम्ही ठरवू शकता, म्हणून अटकेचं कारण कुटुंबाला सांगू नये असं वाटत असेल तर पहिल्याच भेटीत तसं बोलून ठेवा. दोन नागरिकत्वं असलेल्यांनी हेही धरून चालावं की जिथे अटक झाली तो देश त्यांना आपलाच नागरिक मानत असेल, तर दुसऱ्या देशाच्या वकिलातीला आत येऊही देणार नाही.